व्यायाम आणि संप्रेरके

व्यायामाने मधुमेह, स्थूलता व उच्च रक्तदाब यांवर होणाऱ्या परिणामाचा बराच भाग संप्रेरकांमधून घडतो. चालण्याचा वेग वाढला की ॲड्रिनॅलिन वाढते आणि इन्सुलिन घटते. व्यायाम लांबला की इन्सुलिनच्या उलट काम करणारे ग्लुकागॉनही वाढते. यकृत साठ्यातली साखर रक्तात सोडते. इन्सुलिन कमी असूनही स्नायूंना ती मिळते, कारण आकुंचनामुळे ग्लुट-४ हे वाहक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येते. इन्सुलिनला दाद न देणारा स्नायूही या वाटेने साखर घेतो. नंतर २४ ते ४८ तास इन्सुलिन अधिक प्रभावी राहते, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये.

काम करणाऱ्या स्नायूतून इंटरल्युकिन-६ हे संदेशवाहक प्रथिन रक्तात येते, हे कोपनहेगनमधील बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांच्या गटाने २००० साली दाखवले. स्थूलतेत हेच द्रव्य कायम थोडे वाढलेले असते. व्यायामात ते वेगाने चढून उतरते व दाह शमवणारी द्रव्ये वाढवते. २०१२ मध्ये वर्णन झालेल्या आयरिसिन या स्नायूतल्या संप्रेरकाचा गाजावाजा मात्र पुराव्यापेक्षा मोठा आहे.

सोलापुरात ‘दिवसभर काम होतं, वेगळा व्यायाम कशाला?’ असे सर्रास ऐकू येते. मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना बोटे झरझर चालतात, पण मांड्यांचे मोठे स्नायू स्वस्थ असतात. यंत्रमागावर उभे राहणेही पुरेसे नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालावे; दोन दिवस जोर-बैठका. एप्रिल-मेमध्ये सिद्धेश्वर तलावाकाठची फेरी उन्हं चढण्याआधी उरकावी.

तालमीतल्या जोरकस मेहनतीनंतर ॲड्रिनॅलिनमुळे साखर तात्पुरती चढते. घाबरून जादा इन्सुलिन घेतले की काही तासांत ती कोसळते. चालण्याआधी मांडीत इंजेक्शन घेतल्यास इन्सुलिन लवकर भिनते, पोटावर घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी खाऊन निघावे. ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अशा वेळी कडक भाकरी-शेंगाचटणी कामाची नाही, तिची साखर रक्तात उशिरा पोचते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असल्यास साखर घसरल्याची धडधड जाणवत नाही, घाम तेवढा सुटतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो कशाचा हे ओळखता येत नाही, तेव्हा ग्लुकोमीटर लावूनच खात्री करावी.