फोन न उचलणारा मतदार

शितावरून भाताची परीक्षा होते असं आपण सहज म्हणून जातो. पण रोज भात लावणाऱ्या माणसाला विचारलं तर तो सांगेल, वरचा भात फडफडीत आणि तळाचा करपलेला, असंही पातेलं उतरतं. शीत कुठून उचललं यावर बरंच अवलंबून असतं. अमेरिकेचा पुढचा अध्यक्ष कोण, हे आधीच सांगण्याचा खटाटोप गेली नव्वदेक वर्षं शास्त्रीय पद्धतीनं चालू आहे आणि त्यातली प्रत्येक मोठी फजिती या शितापाशीच येऊन थांबते.

सुरुवात १९३६ पासून करू. 'लिटररी डायजेस्ट' या नावाजलेल्या साप्ताहिकानं त्या वर्षी सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिकेसारखी कार्डं पाठवली. जवळपास २३ लाख भरून परत आली. एवढा प्रचंड नमुना हाताशी असताना चूक कशी होईल? साप्ताहिकानं जाहीर केलं की रिपब्लिकन आल्फ लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांना जवळपास ६१ टक्के मतं मिळाली आणि लँडन यांच्या पदरात मेन आणि व्हरमाँट ही दोनच राज्यं पडली. जॉर्ज गॅलप या तरुण माणसानं सुमारे ५० हजार लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं होतं. साप्ताहिक १९३८ मध्ये बंद पडलं.

ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत नेहमी सांगतात ती अशी: पत्ते घेतले टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून, म्हणून यादीत पैसेवाले जास्त आले, म्हणून घोळ झाला. हे खरं आहे, पण अर्धंच. पुढे जुनी आकडेवारी पुन्हा तपासली गेली तेव्हा दिसलं की कार्ड मिळालेल्या सगळ्यांनी ते परत पाठवलं असतं, तर त्या सदोष यादीतूनही रूझवेल्टच जिंकताना दिसले असते. रूझवेल्ट यांच्यावर चिडलेले लोक हौसेनं कार्ड भरून टपालात टाकत होते, त्यांच्यावर खूश असलेले ते बाजूला ठेवून देत होते. यादीपेक्षा मोठा गुन्हेगार होता न आलेलं उत्तर.

नमुन्याचं गणित तसं साधं आहे. पंधरा कोटी मतदारांतून अगदी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी हजार माणसं निवडली, तर एखाद्या उमेदवाराच्या टक्केवारीत साधारण ३ टक्के इकडे-तिकडे होईल. मतदार पंधरा कोटी असोत की पंधरा लाख, हजाराच्या नमुन्याला फारसा फरक पडत नाही. पातेलं लहान असो वा मोठं, शितं तेवढीच लागतात. बातम्यांमध्ये मात्र एक बारीक गोष्ट सुटते. ही ३ टक्क्यांची ढील एका उमेदवाराच्या आकड्याची असते. दोघांमधल्या अंतराची ढील जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे ४८ विरुद्ध ४६ असा आकडा आला तर पहिला उमेदवार ८ टक्क्यांनी पुढे असू शकतो, किंवा ४ टक्क्यांनी मागेही असू शकतो. एवढ्यावर 'निसटती आघाडी' असा मथळा देणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं.

या नमुना-शास्त्रात आपल्याकडच्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे तीसच्या दशकात, म्हणजे लँडन यांचा फज्जा उडाला त्याच सुमारास, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांच्याबरोबर नमुना-निवडीवर काम करत होते. समाजाचे किंवा जमिनीचे थर पाडून प्रत्येक थरातून किती नमुने घ्यावेत, हा त्यांचा विषय. भारतात परतल्यावर त्यांनी ही विद्या पिकांकडे वळवली. नजरेनं अंदाज बांधून आणेवारी ठरवण्याऐवजी चिठ्ठीनं शेत निवडायचं, त्यातला मोजका तुकडा कापायचा आणि धान्य तोलायचं. पीक कापणीचे प्रयोग आजही याच तत्त्वावर चालतात. मतदाराच्या तुलनेत शेताचा एक फार मोठा गुण आहे. चिठ्ठीत नाव निघालं की शेत मुकाट्यानं तोलून घेतं. 'आत्ता वेळ नाही' म्हणून फोन ठेवत नाही.

अमेरिकी मतदार ठेवतो. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेच्या दूरध्वनी पाहणीला १९९७ मध्ये १०० पैकी ३६ घरांतून प्रतिसाद मिळे. २०१८ पर्यंत हा आकडा ६ वर आला. म्हणजे चाचणीत दिसतात ती शंभरातली सहा माणसं आणि अंदाज बांधायचा तो उरलेल्या चौऱ्याण्णवांचा. हे सहाजण बाकीच्यांसारखेच असतील तर काही बिघडत नाही. पण अनोळखी माणसाला फोनवर दहा मिनिटं देणारा माणूस तसा वेगळाच असतो. थोडा जास्त शिकलेला, राजकारणात रस असलेला आणि मुख्य म्हणजे संस्थांवर विश्वास ठेवणारा. डोनाल्ड ट्रम्प यांचं राजकारण त्या विश्वासाच्या नेमकं विरुद्ध बाजूला उभं आहे, आणि चाचण्यांचा पाय तिथेच घसरला.

हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ शाओ-ली मेंग यांनी २०१६ च्या निवडणुकीवरून याचा हिशोब मांडला. कोणाला मत देणार हे सांगण्याची तयारी आणि ट्रम्प यांचा पाठीराखा असणं, या दोन गोष्टींचा संबंध त्यांना अगदी नगण्य आढळला, उणे ०.००५ इतका (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध). पण एवढ्याशा मिठाच्या खड्यानं दूध नासलं. निवडणुकीआधीच्या सगळ्या चाचण्यांमधली उत्तरं एकत्र केली, मतदानास पात्र असलेल्यांपैकी १ टक्का म्हणजे सुमारे २३ लाख धरली, तरी त्यांची किंमत खऱ्या चिठ्ठीनं निवडलेल्या ४०० माणसांइतकीच भरते. तेवीस लाख! 'डायजेस्ट'कडे कार्डंही तेवढीच आली होती.

मग चाचणीवाले काय करतात? भारांकन करतात. नमुन्यात पदवीधर जास्त आले तर त्यांच्या उत्तरांचं वजन कमी करायचं आणि कमी शिकलेल्यांचं वाढवायचं. वय, वंश, लिंग, सगळ्यांचं तसंच. ऐकायला हे निव्वळ गणित वाटतं. पण २०१६ च्या सप्टेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'नं एक गमतीचा प्रयोग केला. फ्लोरिडातल्या ८६७ मतदारांची कच्ची उत्तरं त्यांनी इतर चार तज्ज्ञ चमूंना दिली आणि स्वतःही आकडेमोड केली. लोक तेच, उत्तरं तीच. निकाल मात्र हिलरी क्लिंटन ४ टक्क्यांनी पुढे इथपासून ट्रम्प १ टक्क्यानं पुढे इथपर्यंत पसरले. कोण खरोखर मतदानाला जाईल आणि कोणाचं वजन किती, हे प्रत्येकानं आपापल्या समजुतीनं ठरवलं होतं. छापलेल्या '३ टक्के' ढिलीत हा सगळा भाग धरलेलाच नसतो. राज्य पातळीवरच्या चार हजारांहून अधिक जुन्या चाचण्या तपासल्यावर संशोधकांना खरी चूक सांगितलेल्या चुकीच्या सुमारे दुप्पट आढळली.

याच्यावर इलेक्टोरल कॉलेजची भानगड. देशभराची मतं मोजून अध्यक्ष ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मतं असतात. अशा एकूण ५३८ मतांपैकी २७० मिळवायची असतात आणि मेन व नेब्रास्का सोडली तर राज्यात जो पुढे, त्याला तिथली सगळी मतं. त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या मावसभावाला फोन करून 'काय रे, कोण येतंय?' विचारण्यात फारसा अर्थ नाही. न्यू जर्सी १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडेच गेलं आहे. खेळ चालतो तो कुंपणावरच्या सहा-सात राज्यांत. २०१६ मध्ये क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाख मतं जास्त मिळाली, पण मिशिगन १०,७०४, विस्कॉन्सिन २२,७४८ आणि पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी हातचं गेलं आणि त्याबरोबर अध्यक्षपदही.

त्या वेळचे अंदाज आठवतात? प्रिन्स्टनच्या सॅम वांग यांच्या प्रारूपानं क्लिंटन जिंकण्याची शक्यता ९९ टक्के सांगितली होती. ट्रम्प यांना २४० हून जास्त इलेक्टोरल मतं मिळाली तर किडा खाईन असं ते म्हणाले होते, आणि त्यांनी टीव्हीवर खरोखर एक रातकिडा मधात बुडवून खाल्ला. नेट सिल्व्हर यांच्या 'फाइव्हथर्टीएट' या निवडणुकीचे अंदाज देणाऱ्या संकेतस्थळानं मात्र क्लिंटनना ७१ टक्केच दिले होते. चाचण्या दोघांकडे त्याच. मग २८ टक्क्यांचा फरक आला कुठून?

पुण्याला पाणी देणारी धरणं डोळ्यांसमोर आणा. खडकवासला, पानशेत, वरसगाव. समजा, एकेक धरण न भरण्याची शक्यता पाचात एक आहे. तिन्ही कोरडी राहण्याची किती? एकमेकांशी संबंध नाही असं धरून पाच गुणिले पाच गुणिले पाच केलं तर सव्वाशेत एक. पण पुणेकर असा गुणाकार करणार नाही. तिन्ही धरणं एकाच पावसावर भरतात, त्यामुळे एक कोरडं राहिलं तर बाकीचीही बहुधा राहणार, आणि शक्यता पाचात एकच्या जवळ जाते. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया ही तशीच एका पावसावरची धरणं. तिघांतही कॉलेजची पदवी नसलेला गोरा कामगार मोठ्या संख्येनं, आणि चाचण्यांत तोच कमी पडला होता. सिल्व्हर यांनी चुका एकमेकींना बांधलेल्या धरल्या. वांग यांनी त्या बांधणीला फारच कमी वाव दिला.

पुढच्या वेळी चाचणीवाल्यांनी शिक्षणानुसार वजनं नीट लावली. तरीही २०२० मध्ये चूक वाढली. राष्ट्रीय चाचण्यांत आघाडीचा आकडा सरासरी साडेचार टक्क्यांनी चुकला, ४० वर्षांतली ही सर्वांत मोठी चूक. विस्कॉन्सिनमध्ये ज्यो बायडेन सरासरी ८ टक्क्यांनी पुढे दिसत होते, जिंकले २०,६८२ मतांनी. वजनं लावूनही हे झालं, कारण कमी शिकलेल्यांतलाही फोन उचलणारा निराळा आणि न उचलणारा निराळा.

दोनदा तोंड पोळल्यावर २०२४ मध्ये सगळे ताकही फुंकून पिऊ लागले. मागच्या वेळी कोणाला मत दिलंत, हे विचारून त्यावरही अनेकांनी वजनं लावली. कुंपणावरच्या राज्यांतून एकामागून एक चाचणी 'बरोबरी' सांगू लागली. दहा जणांनी शंभर-शंभर वेळा नाणं उडवलं आणि दहाही जण 'बरोबर पन्नास छापे' म्हणून परतले, तर आपण काय समजू? कळपात राहण्याची ही चाल होती आणि सिल्व्हर यांनी ती निकालाआधीच बोलून दाखवली. आयोवातल्या नावाजलेल्या चाचणीकार अॅन सेल्झर यांनी मात्र तिथे कमला हॅरिस ३ टक्क्यांनी पुढे असल्याचा आकडा आला तसा छापला. ट्रम्प तिथे १३ टक्क्यांनी जिंकले. सेल्झर सपशेल चुकल्या, तरी कळपाबरोबर बरोबर ठरणाऱ्यांपेक्षा माझ्या लेखी त्यांचं वजन जास्त आहे.

निवडणुकीच्या दिवशी सिल्व्हर यांच्या संगणकानं ८०,००० लुटुपुटूच्या निवडणुका लढवल्या आणि हॅरिस त्यांतल्या ४०,०१२ जिंकल्या. लोकांनी याचा अर्थ असा घेतला की निकाल अगदी काठावरचा लागणार. पण त्याच ८०,००० खेळांत सर्वांत जास्त वेळा, सुमारे २० टक्के, दिसलेलं चित्र होतं ट्रम्प कुंपणावरची सातही राज्यं जिंकतात असं, आणि त्याखालोखाल हॅरिस सातही जिंकतात असं. पाऊस कोणाच्या बाजूला पडणार हे संगणकाला ठाऊक नव्हतं. सातही धरणं एकाच पावसाची आहेत, हे ठाऊक होतं. ५ नोव्हेंबरला मतदान झालं आणि सातही राज्यं ट्रम्प यांच्याकडे गेली, ३१२ विरुद्ध २२६.