शेजाऱ्याचा कुत्रा अंगावर येतो: अर्ज कुठे करायचा, कागदपत्रं कोणती लागतात

‘चावला तर या, मग बघू.’ शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा हेच ऐकवलं जातं, आणि तोही मान डोलावून परत येतो. कायदा मात्र चाव्याची वाट बघत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ (जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम २८९ होतं) असं सांगतं की, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असताना, तो टाळण्यापुरती खबरदारी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न घेणं हाच गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना गुन्हा नोंदवून तपास करायला न्यायालयाची परवानगी लागत नाही. तो जामीनपात्रही आहे, त्यामुळे शेजाऱ्याला लगेच कोठडीत टाकतील या आशेवर किंवा भीतीवर काही ठरवू नका.

या कलमात कळीचे मुद्दे दोन. एक, धोका ‘गंभीर’ हवा. घरातल्या घरात भुंकणारं पिल्लू किंवा खिडकीतून गुरगुरणारा पामेरियन यात बसत नाही. दोन, मालकाला धोक्याची जाणीव होती किंवा असायला हवी होती, हे दिसायला हवं. जाणीव सिद्ध करायचा सोपा मार्ग म्हणजे तुम्ही त्याला आधीच लेखी कळवलेलं असणं. म्हणून काही विपरीत घडण्याआधी दिलेला साधा अर्ज हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत वजनदार कागद ठरतो.

मुंबईतल्या दोन निकालांकडे पाहा. नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका ज्येष्ठ नागरिकाला ओळखीच्या माणसाचा रॉटवायलर चावला. कुत्रा गाडीत होता आणि ‘दार उघडू नका’ असं सांगूनही मालकाने दार उघडलं. २०२३ मध्ये गिरगावच्या दंडाधिकाऱ्यांनी मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. दुसरं प्रकरण वरळीच्या एका इमारतीतल्या लिफ्टचं, २०१८ सालचं. आत लहान मूल आहे, कुत्रा आणू नका, अशी विनंती करूनही मालकाने कुत्र्याला आत ओढलं आणि तो मुलाच्या वडिलांना चावला. सगळं सीसीटीव्हीत आलं होतं. २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. दोन्हीकडे आधी सांगितलेलं होतं आणि ते ऐकलं गेलं नव्हतं. निकालांना लागलेली वर्षंही मोजून ठेवा. शिक्षा होईपर्यंत तो कुत्रा बहुधा म्हातारा होऊन गेलेला असतो, त्यामुळे तुमचं उद्दिष्ट शिक्षेपेक्षा बंदोबस्त हे असू द्या.

तक्रार कोण करू शकतं

फ्लॅटचा मालकच असायला हवा असं नाही. भाडेकरू, घरकाम करणाऱ्या ताई, वॉचमन, पार्सल घेऊन येणारा मुलगा, मुलांच्या वतीने आईवडील, यांपैकी कुणीही पोलिसांकडे जाऊ शकतं. ‘तुम्ही मेंबर नाही’ हे उत्तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत चालेल, पोलीस ठाण्यात नाही.

सुरुवात कागदापासून

आधी शेजाऱ्याशी बोला. पुष्कळ भांडणं तिथेच मिटतात, विशेषतः ‘तुमचा कुत्रा वाईट आहे’ याऐवजी ‘संध्याकाळी सात ते आठ मुलं खाली खेळतात, तेवढा वेळ पट्टा लावा’ असं नेमकं मागणं असेल तर. बोलणं झालं की त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका: ‘आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे...’ समोरच्याने ‘ठीक आहे’ असं उत्तर दिलं, तर त्याला कल्पना होती याचा पुरावा तयार झाला.

त्याने फरक पडला नाही तर सही केलेलं पत्र द्या. हातात घेत नसेल तर पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे स्पीड पोस्टच करा आणि पत्र पोचल्याचा पुरावा काउंटरवरच मागा. सोसायटी असेल तर प्रत सेक्रेटरींना द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. शिक्क्याशिवायचा अर्ज दिल्यासारखा नसतोच.

एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, कुत्रा पट्ट्यात होता की मोकळा, सोबत कोण होतं, काय झालं, कुणी पाहिलं. ‘नेहमी अंगावर येतो’ या वाक्याला किंमत नाही, तारखांना आहे. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून घटना घडल्याच्या दिवशीच सोसायटीला ‘अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा’ असं लेखी द्या. पुढे ते न्यायालयात दाखवायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते चित्रण ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून घ्यावं लागतं, म्हणून सेक्रेटरींशी उगाच वाकडं घेऊ नका.

सोसायटी काय करू शकते, काय नाही

कमिटी मालकाला समज देऊ शकते, नोटीस काढू शकते, सामायिक जागेत कुत्रा पट्ट्यातच हवा असा आग्रह धरू शकते. पण बहुमताने ठराव करून ‘कुत्रा घराबाहेर काढा’ असं फर्मान काढता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि प्राण्यासह लिफ्ट वापरण्यालाही मनाई करता येत नाही. असे ठराव पुढे टिकत नाहीत आणि तुमची रास्त तक्रारही त्यांच्याबरोबर हास्यास्पद होते.

कुत्र्याच्या जातीवरूनही तक्रार करू नका. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींवर बंदी आणण्याचं परिपत्रक काढलं होतं. ते एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केलं. तुमच्या अर्जात कुत्र्याच्या खानदानापेक्षा त्याने काय केलं आणि मालकाने काय केलं नाही, हे यायला हवं.

महापालिकेकडे अर्ज

मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो आणि त्याचं नूतनीकरण करावं लागतं. परवान्यासाठी मालकाला रेबीज लसीकरणाचा दाखला, पत्त्याचा पुरावा अशी कागदपत्रं द्यावी लागतात. पुष्कळ लोक परवाना काढतच नाहीत. म्हणून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करून एवढंच मागा: सदर कुत्र्याचा परवाना व लसीकरण तपासावं आणि आढळलेल्या बाबींवर कारवाई करून मला कळवावं. मुंबईत १९१६ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते, तक्रार क्रमांक मात्र लिहून घ्या. उत्तर आलं नाही तर राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार टाकता येते. गावात अर्ज ग्रामपंचायतीला द्यावा. तिथे परवान्याचा मुद्दा फारसा चालत नाही, पण सरपंचांनी दोघांना बोलावून घेतलं की निम्मं काम होतं.

नसबंदी, लसीकरण, जंतांचं औषध ही पाळीव प्राण्याच्या बाबतीत मालकाची जबाबदारी आहे, असं २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. हा मुद्दा महापालिकेच्या अर्जात शोभतो, पोलिसांच्या नाही.

पोलीस ठाण्यातला अर्ज

दोन प्रती न्या. मजकूर पानभर पुरे. साधारण असा:

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
(पोलीस ठाणे)

विषय: पाळीव कुत्र्याबाबत निष्काळजीपणा केल्याने भारतीय न्याय संहिता कलम २९१ अन्वये कारवाई होणेबाबत.

महोदय,
मी (पत्ता) येथे राहत असून माझे शेजारी (नाव, घर क्रमांक) यांचेकडे (रंग, आकार) कुत्रा आहे. दि. ... रोजी ... वाजता सदर कुत्रा पट्ट्याविना सामायिक जिन्यात मोकळा होता व माझ्या ... वर्षांच्या मुलाच्या अंगावर धावून आला. यापूर्वी दि. ... व दि. ... रोजीही असाच प्रकार घडला आहे. याबाबत मी त्यांना दि. ... रोजी लेखी कळविले होते. त्याची पोच सोबत जोडली आहे. तरीही त्यांनी कोणतीही खबरदारी घेतलेली नाही. सदर कुत्र्यापासून गंभीर दुखापत होण्याचा संभव आहे. तरी योग्य ती कायदेशीर कारवाई व्हावी, ही विनंती.

सोबत पत्राची प्रत आणि पोच, वहीतल्या नोंदींची प्रत, फोटो किंवा चित्रण, साक्षीदारांची नावं आणि ओळखपत्राची प्रत जोडा. कुत्रा रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत मुसक्याशिवाय मोकळा सोडला जात असेल, किंवा कुणी ‘छू’ करून तो अंगावर घालत असेल, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १०६ही अर्जात लिहा. ते नेमकं याच प्रकारांसाठी आहे आणि अनेकांच्या लक्षातच नसतं.

ठाण्यात बहुधा ‘एनसी लिहून घेतो’ असं म्हणतील. एनसी अदखलपात्र गुन्ह्याची असते आणि कलम २९१ दखलपात्र आहे, हे शांतपणे सांगा. पण माझं मत विचाराल तर, चावा झालेला नसताना पहिल्याच अर्जावर हट्टाला पेटू नका. शिक्क्याची प्रत मिळाली, शेजाऱ्याला बोलावून समज दिली गेली, की दहापैकी अनेक प्रकरणांत पट्टा लागतो. समज देऊनही तेच चालू राहिलं, तर मात्र एफआयआरचा आग्रह धरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ प्रमाणे एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदवून घेत नसतील तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना, पोस्टाने पाठवा. तिथेही दखल घेतली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्या टप्प्यावर प्रतिज्ञापत्र लागतं आणि वकीलही हवाच.

मुदत विसरू नका. सहा महिन्यांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायालयाला दखल घेण्याची मर्यादा एक वर्षाची आहे. ‘बघू, सुधारेल’ म्हणत दीड वर्ष काढलं तर ती जुनी घटना हातची जाते.

चावा झालाच तर

आधी जखम. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही नाही. लगेच दवाखाना. सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ती पहिल्या दिवशी आणि मग (तो दिवस शून्य धरून) तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची असते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ‘पाळीव आहे, इंजेक्शन दिलेलं आहे’ या मालकाच्या शब्दावर डोस टाळू नका. त्याच्याकडून लसीकरणाचं कार्ड मात्र मागा आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगा.

डॉक्टरांना ‘कुत्रा चावला’ एवढंच न सांगता कोणाचा पाळीव कुत्रा, कुठे, किती वाजता, हे केसपेपरवर लिहायला सांगा. हा केसपेपर, लसीच्या नोंदी, औषधांची बिलं, जखमेचे तारखेसह फोटो आणि कामावरची रजा पडली असेल तर तिचा दाखला, ही सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये ठेवा. एफआयआरमध्ये कलम २९१ बरोबर कलम १२५ लागू शकतं. त्यात साध्या दुखापतीला सहा महिन्यांपर्यंत, गंभीर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. उपचाराचा खर्च आणि भरपाई हवी असेल तर ती वाट वेगळी, दिवाणी न्यायालयाची. तिथे ‘कुत्रा मोकळा सोडू नये’ असा मनाई हुकूमही मागता येतो.

प्रांत कार्यालय

हा मार्ग फार कमी लोकांना ठाऊक आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुनं १३३) जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकारी (म्हणजे प्रांत) धोकादायक प्राण्याला बांधून ठेवण्याचा, दुसरीकडे हलवण्याचा, अगदी टोकाच्या प्रसंगी नष्ट करण्याचाही सशर्त आदेश काढू शकतात. मालकाला कारणं दाखवायची संधी मिळते, पुरावा घेतला जातो, मग आदेश कायम होतो किंवा मागे घेतला जातो. एकट्याचा अर्ज इथे फिका पडतो. वाडीतल्या, गल्लीतल्या आठ-दहा घरांनी सह्या केल्या, सोबत पोलिसांना दिलेल्या अर्जांच्या प्रती, केसपेपर आणि पंचायतीचं पत्र जोडलं, तर तो सार्वजनिक उपद्रवाचा मामला बनतो. शहरांपेक्षा तालुक्याच्या गावी हा अर्ज अधिक कामी येतो असं मला वाटतं, कारण प्रांतांना जागा माहीत असते.

स्वतःवर गुन्हा ओढवून घेऊ नका

विष घालणं, काठीने झोडपणं, पोत्यात घालून दूर सोडून येणं यातलं काहीही करायचं नाही. प्राण्याला ठार मारणं, विष देणं, जायबंदी करणं याला न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे तुमच्या शेजाऱ्याच्या गुन्ह्याच्या दहापट. शिवाय १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच. अंगावर झेपावलेल्या कुत्र्याला त्या क्षणी छत्रीने, पिशवीने दूर लोटणं हा बचाव झाला. दुसऱ्या दिवशी जाऊन हिशेब चुकता करणं हा गुन्हा झाला.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतले नागरिक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ओळखपत्र आणि जिथे लागू असेल तिथे जातीचा किंवा अपंगत्वाचा दाखला न्यावा. दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची सोयही तिथेच आहे. शेजाऱ्याला रोज जिन्यात तोंड द्यायचं असतं, त्यामुळे पट्टा, मुसकं, फिरवण्याच्या वेळा आणि औषधांचा खर्च एवढं लेखी कबूल करून घेणारी तडजोड अनेकांना तिथेच परवडते.