मशीनवरची आवृत्ती आणि हातातलं मॅन्युअल

सीनियरच्या झेरॉक्स नोट्सवर सेमिस्टर काढायची, ही बेळगावच्या इंजिनिअरिंगच्या पोरांची जुनी रीत. खानापूरचा असो की निपाणीचा, बॅगेत तोच गठ्ठा. त्यात प्रिंट या आज्ञेपुढे कंस नसला की प्रोग्राम पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या, २ नंबरच्या आवृत्तीच्या काळातला समजावा. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३ आलं आणि कंस सक्तीचा झाला. ही चूक निदान लगेच पकडली जाते. खरा घात भागाकाराचा. ७ भागिले २ चं उत्तर जुन्या आवृत्तीत ३, नव्या आवृत्तीत ३.५. एररही येत नाही. पोरगं आपलंच लॉजिक तपासत बसतं.

मॅन्युअल एका आवृत्तीचं आणि मशीनवर दुसरीच, असं सुरुवातीला नव्हतं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं. ‘सहावी आवृत्ती’, ‘सातवी आवृत्ती’ ही युनिक्सची नावं मुळात मॅन्युअलच्या आवृत्तीवरून पडली; म्हणजे सॉफ्टवेअरच पुस्तकाच्या नावाने ओळखलं जाई. ‘सी’ या प्रोग्रामिंग भाषेचं मात्र बिनसलं. कर्निगन आणि रिची यांचं पुस्तक आलं १९७८ मध्ये, भाषेचं अधिकृत मानक ठरलं १९८९ मध्ये. मधल्या काळात ज्याने त्याने आपापली सी चालवली. १९८७ चं टर्बो सी त्यातलंच. त्यातलं स्क्रीन पुसणारं फंक्शन बोरलँड कंपनीच्या पदरचं होतं, भाषेचं नव्हे. आपल्याकडे मात्र ते भाषेचाच भाग म्हणून पाठ झालं.

इंटरनेट आल्यावर गुंता वाढला. मॅन्युअलचा पत्ता एक, पण वाचणाऱ्यांच्या मशीनवर आवृत्त्या नाना. पीएचपी या वेबसाइटसाठीच्या भाषेने मॅन्युअल एकच ठेवलं आणि प्रत्येक फंक्शनच्या नावाखाली ते कुठल्या आवृत्त्यांत चालतं ते लिहिलं. पायथॉनने आवृत्तीगणिक वेगळं मॅन्युअल ठेवलं. २००८ च्या २.६ पासून ते लाटेक ही मजकूर मांडायची जुनी पद्धत सोडून स्फिंक्स या मॅन्युअल तयार करायच्या साधनावर आलं. गेऑर्ग ब्रांडल यांनी हे साधन त्यासाठीच बनवलं होतं. मजकूर कोडच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे कोड साठवायच्या जागी, राहतो आणि ‘अमुक आवृत्तीत आलं’, ‘तमुक आवृत्तीत बदललं’ अशी नोंद तिथल्या तिथे पडते, शेतीच्या उताऱ्यावर फेरफार चढावा तशी.

रस्ट ही भाषा आणखी पुढे गेली. मॅन्युअलमधली उदाहरणं तिथे कोड तपासणाऱ्या टेस्टबरोबरच चालवली जातात. कोड बदलून उदाहरण मोडलं की टेस्ट फेल. पायथॉनकडे डॉकटेस्टच्या रूपाने ही सोय २००१ पासून आहे. मला भरवशाचा उपाय हाच वाटतो, कारण यात कुणाच्या आठवणीवर काही सोपवलेलं नाही. लिहिणारे कितीही मन लावून लिहोत, रिलीजच्या घाईत मॅन्युअलचाच नंबर शेवटी लागतो.

लॅबचा प्रश्न तरीही उरतो. व्हीटीयू या इथल्या तंत्रविद्यापीठाची स्कीम, म्हणजे अभ्यासक्रमाची चौकट, काही वर्षांनी बदलते: २०१८ ची, मग २०२१ ची, लगेच २०२२ ची. पायथॉनची नवी आवृत्ती २०१९ पासून दर ऑक्टोबरला येते. मशीनवर विंडोज ७ असेल तर पायथॉन ३.८ च्या पुढे जाताच येत नाही, आणि ‘मॅच’ हे स्टेटमेंट आलं ३.१० मध्ये. तिथे नवं मॅन्युअल उघडलं तर पदरी सिंटॅक्स एरर. म्हणून ‘डॉक्युमेंटेशन ताजं हवं’ ही नेहमीची मागणी मला अर्धवट वाटते. मशीनशी जुळणारं हवं. ३.८ ची देखभाल २०२४ मध्ये थांबली, तरी तिची पानं काढलेली नाहीत. मॅन्युअलच्या वेबपत्त्यात ३ च्या जागी ३.८ टाकलं की उघडतात. वरच्या पट्टीत ‘नवी आवृत्ती घ्या’ असा सल्ला येतो, तो लॅबमध्ये सोडून द्यायचा.