प्रक्रिया नियंत्रणातील आंतरराष्ट्रीय सहकार्य व तरुण संशोधकांची देवाणघेवाण

रासायनिक कारखान्यातील तापमान, दाब, पातळी, प्रवाह आणि मिश्रणाची घटकरचना ठरलेल्या मर्यादेत ठेवण्याच्या शास्त्राला रासायनिक प्रक्रिया नियंत्रण म्हणतात. या विषयातील पीएचडीचे विद्यार्थी आणि नवे डॉक्टरेटधारक काही महिने दुसऱ्या देशातील विद्यापीठात किंवा कारखान्यात काम करतात, त्याला संशोधक देवाणघेवाण म्हटले जाते. या विषयाला तिची गरज जरा जास्तच आहे. गणिती सिद्धान्त एका विद्यापीठात असतो, पथदर्शी (छोटे प्रायोगिक) संयंत्र दुसऱ्याकडे, आणि खऱ्या बिघाडांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी कारखान्याच्या सर्व्हरवर. तिन्ही एकाच छताखाली क्वचितच सापडतात.

सहकार्याचा पाया करारांपेक्षा समान प्रश्नांनी घातला. टेनेसी ईस्टमन प्रक्रिया हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. ईस्टमन केमिकल कंपनीतील डाउन्स आणि व्होगेल यांनी 1993 मध्ये एका खऱ्या संयंत्रावर बेतलेले, पण घटकांची नावे झाकलेले संगणकीय प्रारूप फोरट्रान भाषेत खुले केले. त्यात रिअ‍ॅक्टर, कंडेन्सर, सेपरेटर, पुनर्चक्रण कॉम्प्रेसर आणि स्ट्रिपर असे पाच मुख्य भाग आहेत. घटक आठ, मोजमापे 41, हाताळता येणारी चले (नियंत्रणासाठी बदलता येणाऱ्या राशी) 12 आणि आधीच रचून ठेवलेले व्यत्यय 20. मोजमाप पाहून व्हॉल्व्ह आपोआप हलवणारा नियंत्रक न लावता हे संयंत्र चालवले, तर तासाभरात रिअ‍ॅक्टरचा दाब वाढून ते बंद पडते. नेहमीच्या स्थितीत दाब 2705 किलोपास्कल असतो आणि 3000 ला संयंत्र आपोआप थांबते. म्हणजे चुकायला जागा फारशी नाही. घटकरचनेचे मोजमापही उशिरा हाती येते. रिअ‍ॅक्टरला जाणाऱ्या मिश्रणाचे विश्लेषण दर सहा मिनिटांनी होते आणि तेही सहा मिनिटे शिळे असते. तयार मालाच्या बाबतीत हे दोन्ही आकडे पंधरा मिनिटांचे आहेत. एकच संयंत्र सर्वांपुढे असल्याने अमेरिकेतील सिअ‍ॅटलचा नियंत्रक नॉर्वेतील ट्रॉनहाइमच्या नियंत्रकाशी ताडून पाहता आला. जर्मनी आणि अमेरिकेतील संशोधकांनी 2015 मध्ये या प्रारूपाची सुधारित आवृत्ती मिळूनच प्रसिद्ध केली. मात्र वीस व्यत्ययांपैकी 3, 9 आणि 15 या क्रमांकांचे व्यत्यय ओळखणे जवळजवळ अशक्य असते. नवखा विद्यार्थी त्यांच्यामागे महिने घालवतो. एखाद्या लेखात या तिघांचाही शोध अगदी अचूक लागल्याचा दावा दिसला, तर आधी चाचणीची पद्धत तपासावी.

दुसरे उदाहरण अडकणाऱ्या व्हॉल्व्हचे. दांडीभोवतीचे पॅकिंग घट्ट झाले, की नियंत्रकाचा संकेत थोडा थोडा बदलत राहतो, व्हॉल्व्ह मात्र जागचा हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. त्यामुळे लूप, म्हणजे मोजमाप, नियंत्रक आणि व्हॉल्व्ह यांची साखळी, हेलकावत राहतो. हा हेलकावा व्हॉल्व्हचा की बाहेरून आलेला, हे व्हॉल्व्ह न उघडता ओळखण्याची साधी युक्ती स्वीडनमधील हॉर्श यांनी 1999 मध्ये मांडली: नियंत्रकाचा संकेत आणि मोजमाप यांच्या परस्परसंबंधाचा आलेख शून्य विलंबाच्या दोन्ही बाजूंना विषम (उलट चिन्हांचा) निघाला तर दोष व्हॉल्व्हचा, सम (आरशातल्यासारखा सारखा) निघाला तर बाहेरचा. पातळीसारख्या साठत जाणाऱ्या लूपवर ही युक्ती चालत नाही. पुढे कॅनडा, जपान, इटली, भारत इत्यादी देशांतील गटांनी आपापल्या पद्धती काढल्या. येलाली आणि ह्वांग यांनी रसायन, कागद, वीज, खाण अशा उद्योगांतील लूपच्या एकाच संग्रहावर त्या लावून 2010 मध्ये त्यांची तुलना छापली. कुठलीच पद्धत सर्व लूपवर बरोबर ठरली नाही, आणि तो निष्कर्ष एकट्या गटाकडून कधीच निघाला नसता.

भेटीगाठींची व्यासपीठे ठरलेली आहेत. आंतरराष्ट्रीय स्वयंचलित नियंत्रण महासंघ, म्हणजे आयफॅक, 1957 मध्ये स्थापन झाला. त्याच्या छत्राखाली अ‍ॅडकेम (रासायनिक प्रक्रियांचे प्रगत नियंत्रण) आणि डायकॉप्स (प्रक्रिया प्रणालींची गतिकी व नियंत्रण) या दोन परिषदा दर तीन वर्षांनी भरतात. डायकॉप्स डिसेंबर 2013 मध्ये मुंबईत, 2016 मध्ये ट्रॉनहाइमला, 2019 मध्ये ब्राझीलमधील फ्लोरियानोपोलिसला आणि 2022 मध्ये दक्षिण कोरियातील बुसानला झाली. विद्यार्थ्याच्या पुढच्या परदेशी मुक्कामाची बोलणी बहुधा इथल्या चहाच्या वेळेत होतात. अर्ज नंतर लिहिले जातात.

पैशाची सर्वांत नेटकी व्यवस्था युरोपातील मारी स्क्लोदोव्स्का-क्यूरी डॉक्टरेट जाळ्यांची, म्हणजे युरोपीय संघाच्या निधीतून पीएचडीचे विद्यार्थी नेमणाऱ्या संस्थांच्या गटांची, आहे. अर्जदार कोणत्याही देशाचा चालतो. अट एवढीच, की भरतीच्या आधीच्या 36 महिन्यांत तो यजमान देशात 12 महिन्यांहून अधिक राहिलेला नसावा आणि त्याच्याकडे डॉक्टरेट नसावी. सर्वसाधारण जाळ्यात नेमणुकीच्या एक तृतीयांश काळापर्यंत दुसऱ्या संस्थेत काम करता येते. 2016 ते 2019 मधल्या प्रॉन्टो जाळ्यातून ब्रिटनमधील क्रॅनफिल्ड विद्यापीठाच्या हवा-पाणी प्रवाह संयंत्रावर हवेची गळती, मार्ग तुंबणे, प्रवाह भलतीकडे वळणे असे बिघाड मुद्दाम घडवून मोजमापे, गजर, चालकांची नोंदवही आणि चित्रफिती यांचा संग्रह खुला झाला. भारतात 2008 मध्ये सुरू झालेली आयआयटी मुंबई–मोनॅश अकादमी संयुक्त पीएचडी देते. विद्यार्थी काही काळ ऑस्ट्रेलियात घालवतो. डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेची वाइज योजना भारतीय पदवी विद्यार्थ्यांना दोन-तीन महिन्यांसाठी जर्मनीला नेते.

मुक्काम किती असावा, हे संयंत्र ठरवते. समजा ऊर्ध्वपातन स्तंभाचा कालस्थिरांक (बदलाला तो किती सावकाश प्रतिसाद देतो याचे माप) दोन तासांचा आहे. एका व्हॉल्व्हला 2 ते 5 टक्क्यांची पायरी (एकदम केलेला बदल) देऊन स्तंभ पुन्हा स्थिर व्हायला त्याच्या चार-पाच पट, म्हणजे आठ ते दहा तास लागतात. चार व्हॉल्व्ह, प्रत्येकी वर आणि खाली, म्हणजे आठ चाचण्या. दिवसपाळीत रोज एक, तर आठ दिवस. मध्येच वाफेचा दाब ढळला की त्या दिवसाची चाचणी टाकून द्यावी लागते. त्याआधी सुरक्षा प्रशिक्षण आणि संगणकाचे प्रवेशाधिकार यांत पहिले दोन आठवडे जातात. प्रारूप बसवणे, नियंत्रक आधी संगणकावर चालवणे, मग ऑपरेटर शेजारी बसवून संयंत्रावर जोडणे, असा हिशेब केला तर चार महिन्यांखाली हाती काही लागत नाही. दोन आठवड्यांच्या भेटीत व्याख्यान होते, ओळखी होतात. नियंत्रण होत नाही.

बिघडते ते सहसा क्षुल्लक गोष्टींवरून. पीआयडी या नेहमीच्या प्रकारच्या नियंत्रकाचा समाकल काळ (साचत गेलेली चूक तो किती वेगाने भरून काढतो याचे माप) कुठे सेकंदांत, कुठे मिनिटांत, तर कुठे दर मिनिटाच्या पुनरावृत्तींत देतात. घरच्या संयंत्रावरचा 2 मिनिटांचा आकडा पुनरावृत्तीच्या चौकटीत तसाच टाकला, की काळ अर्ध्या मिनिटाचा होतो. समाकल क्रिया चौपट जोर धरते आणि लूप हेलकावू लागतो. पाहुणा मग प्रारूपात चूक शोधत बसतो. जर्मन किंवा नॉर्वेजियन संगणकावर दशांश चिन्ह स्वल्पविराम असते, त्यामुळे 2,705 हा आकडा भारतीय विद्यार्थी दोन हजार सातशे पाच असा वाचू शकतो. युरोपात ऑक्टोबरअखेर घड्याळ मागे येते तेव्हा स्थानिक वेळेच्या नोंदीत एक तास दोनदा येतो आणि मार्चअखेर एक नाहीसा होतो, म्हणून नोंदी जागतिक प्रमाणवेळेतच मागाव्यात. कारखान्याच्या नोंदींची साठवणूक प्रणाली जागा वाचवण्यासाठी आकडे गाळून मधली जागा सरळ रेषेने भरते. असा डेटा दिसायला स्वच्छ, पण अडकलेल्या व्हॉल्व्हची खूण त्यातून पुसली गेलेली असते. कारखान्याकडून कच्चा डेटा हवा तर ते आधीच सांगावे, कारण गाळलेले आकडे नंतर परत मिळत नाहीत.

गोपनीयतेचा करार हे खरे अडथळ्याचे ठिकाण. दोन्हीकडच्या विधी विभागांतून त्याला वाट काढायला महिने लागू शकतात, म्हणून व्हिसाच्या अर्जाबरोबरच तो सुरू करावा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: प्रबंधात कोणते आलेख छापता येतील, कंपनी किती दिवसांत हरकत घेईल, आणि लिहिलेला कोड कोणाचा. आकडे शून्य ते एकच्या मापात आणून छापणे ही नेहमीची तडजोड आहे. पण दोन चलांचे माप वेगवेगळे बदलले, की लाभांकाचा, म्हणजे एक चल बदलल्यावर दुसरे किती बदलते त्या प्रमाणाचा, भौतिक अर्थ जातो. मूळ मोजमाप-पल्ल्याची टक्केवारी द्यावी, हे त्यातल्या त्यात बरे.

शेवटच्या आठवड्यात नियंत्रक काढून जुनी मांडणी परत बसवायची असते. जुने लाभांक, मर्यादा आणि व्हॉल्व्हची सुरक्षित स्थिती पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेली नसेल, तर हे काम ऑपरेटरच्या आठवणीवर सोडावे लागते. यजमानाकडे कोड, त्याला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, टॅगची (प्रत्येक मोजमापाच्या संगणकातील नावाची) एककांसह यादी आणि चाचण्यांची रोजची नोंद ठेवून जायची असते. पुढच्या वर्षी येणारा विद्यार्थी सुरुवात त्या टॅगयादीपासूनच करतो.