चेहऱ्याशेजारचं नाव: नाहुआत्ल नामचित्रं कशी वाचायची

1560 साली मध्य मेक्सिकोतल्या उएशोत्सिंको प्रांतात, म्हणजे आजच्या प्वेब्ला राज्यात, करदात्यांची खानेसुमारी झाली. तिचं बाड आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पानोपानी पुरुषांचे चेहरे रांगेनं मांडलेले आहेत. चेहऱ्याला जोडून एखादं लहानसं चित्र, आणि शेजारी रोमन अक्षरांत नाव. राजेरजवाड्यांची नावं कुठेही टिकतात. इथे हजारो साध्या माणसांची टिकली आहेत, म्हणून हे बाड मला फार मोलाचं वाटतं.

1521 मध्ये अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली आणि पाठोपाठ बाप्तिस्मे झाले. गावोगावी हुआन आणि पेद्रो इतके झाले की ओळख पटायला नाहुआत्लमधलं, म्हणजे अझ्टेकांच्या भाषेतलं, जुनं नावच लागे. चित्रलेखक, म्हणजे त्लाकुइलो, बहुधा तेच नाव काढत. पुष्कळ नावं 260 दिवसांच्या पंचांगातून आलेली असत: हरीण, फूल, पाऊस. मुलींची नावं मात्र अनेकदा जन्मक्रमावरून पडत. मोरेलोसकडच्या, नुसत्या अक्षरांत लिहिलेल्या खानेसुमाऱ्यांत तेयाकापान, त्लाको, शोको अशा थोरल्या, मधल्या, धाकट्या घरोघरी भेटतात.

अडचण अशी की चित्र दरवेळी अर्थच सांगतं असं नाही. इत्सकोआत्ल म्हणजे काचदगडाचा साप. मेंडोसा बाडात या नावाच्या राजासाठी पाठीवर काचदगडाची पाती असलेला साप काढला आहे. तेच नाव तेपेत्लाओस्तोकच्या व्हेर्गारा बाडात वेगळ्या रीतीनं येतं: काचदगडाच्या टोकाचा बाण, मडकं आणि पाणी. इत्स्त्ली, कोमित्ल, आत्ल यांचे आरंभीचे ध्वनी जोडले की इत्स-को-आ. सापाचा पत्ताच नाही. फ्रेंच अभ्यासक ओबँ यांनी 1849 मध्येच हे दाखवून दिलं होतं. गावांच्या नावांतही तेच: ‘-त्सिंको’साठी माणसाचा कमरेखालचा भाग काढतात, कारण त्सिंत्ली म्हणजे बूड, आणि मराठीतल्यासारखंच तिथेही बूड म्हणजे तळसुद्धा.

ही ध्वनिलेखनाची रीत स्पॅनिश वर्णमाला पाहून आली, असं पुष्कळांनी मानलं. या लिपीचे अभ्यासक आल्फोन्सो लाकादेना यांनी 2008 मध्ये त्याला ठाम आक्षेप घेतला: पद्धत मूळचीच होती, तेश्कोको भागातले लेखक ती अधिक वापरत, एवढंच. मला हे पटतं. शेजारचं रोमन नावही डोळे मिटून घेऊ नये. चित्र आणि अक्षरं हे दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत, आणि दोघांची साक्ष नेहमी जुळतेच असं नाही.

तेयेरियानो-रेमेन्सिस बाडात दोन्ही रीती परक्यांनाच लावलेल्या दिसतात. स्पॅनिश सेनानी आल्वारादोला लोक तोनातिउ, म्हणजे सूर्य, म्हणत, म्हणून त्याच्याजवळ सूर्य. व्हाइसरॉय मेंडोसाच्या आडनावाला नाहुआत्लमध्ये अर्थच नव्हता. त्याच्याजवळ घायपातीसारखं झाड मेत्ल आणि बिळात राहणारा प्राणी तोसान काढला: मे-तोसा.