स्वतःचा घोडा नाही, मग स्पर्धा कसली?

अश्वारोहण म्हणजे ज्याच्या पागेत लाखमोलाचा घोडा, त्याचाच खेळ, असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. वरच्या पातळीवर पैसा लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सुरुवात तिथून होत नाही. बहुतेक स्वार शिकतात ते रायडिंग स्कूलच्या घोड्यावर, आणि आधी खरारा करायला, मग खोगीर कसायला.

शो जंपिंगमध्ये, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या प्रकारात, 'जंपिंग वर्ल्ड चॅलेंज' नावाची स्पर्धा आहे. अश्वारोहणाच्या जागतिक महासंघाची, म्हणजे १९२१ साली स्थापन झालेल्या एफईआयची. इथे स्वार आपल्याच देशात उतरतो. अडथळ्यांची आखणी मात्र सगळीकडे सारखी, आणि निकाल जागतिक क्रमवारीत. घोडा विमानाने परदेशी नेण्याचा खर्चच उरत नाही. नवख्या देशांसाठी खरी अडचण तीच होती.

हा मोजक्यांचाच खेळ, या समजाला थोडा इतिहासही कारणीभूत आहे. १९५२ पूर्वी ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली अचूक करून घेण्याच्या प्रकारात, अधिकारी नसलेल्या सैनिकांना आणि स्त्रियांना उतरता येत नसे. १९४८ मध्ये स्वीडनच्या संघाने सुवर्ण जिंकलं, पण त्यातला गेनाल पेर्सन खरा अधिकारी नव्हता म्हणून पदक काढून घेतलं गेलं! १९५२ ला दार उघडलं आणि पोलिओमुळे गुडघ्याखाली बळ नसलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेलने पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्य मिळवलं.

आणि महागड्या घोड्याचं म्हणाल, तर 'स्नोमॅन' आठवा. कत्तलखान्याच्या वाटेवरचा हा नांगरओढ्या घोडा १९५६ मध्ये अवघ्या ८० डॉलरना घेतला होता. दोनच वर्षांत तो अमेरिकेत शो जंपिंगचा विजेता ठरला.