कोमन्झो भाषा

पापुआ न्यू गिनीच्या नैर्ऋत्येला, वेस्टर्न प्रांतातील मोरहेड भागात बोलली जाणारी याम कुळातील एक भाषा. रोउकू हे तिचे मुख्य गाव असून बोलणारे सुमारे २५० आहेत. देशात ८०० हून अधिक भाषा असल्यामुळे हा आकडा तिथे कोणाला नवलाचा वाटत नाही. नामा, नेन, आन्ता, वारा या आसपासच्या भाषाही अशाच लहान आहेत.

भाषा लहान राहिली याचा अर्थ तिचे भाषक जगापासून तुटलेले आहेत असा काढणे चुकीचे ठरेल. इथली लग्ने परंपरेने साट्यालोट्याची असतात: ज्या घरची मुलगी करायची, त्याच घरी आपली बहीण द्यायची. आपल्या गटात सोयरीक चालत नाही, त्यामुळे सून पुष्कळदा वेगळ्या भाषेच्या गावची असते आणि लग्नानंतरही आपली भाषा टाकत नाही. मूल बापाची भाषा आपली म्हणून सांगते, पण आईची भाषाही त्याच्या कानावरून जाते आणि समजते. साट्यामुळे मामी बहुधा आत्याच असते, म्हणजे आजोळीही बापाच्या भाषेचे माणूस भेटतेच. दोघांनी आपापल्या भाषेत बोलावे आणि एकमेकांचे समजून घ्यावे, हेही या भागात रोजचेच. शाळेत त्यात इंग्रजीची भर पडते.

कोनफळाच्या जातीचे कंद हे इथले मुख्य अन्न आणि मानाचे पीक. मोजणीची पद्धतही त्याच्याशीच जोडलेली असून ती सहाच्या पटीत चालते. दोन माणसे प्रत्येकी तीन कंद उचलून नव्या ढिगात ठेवतात आणि मोठ्याने आकडा पुकारतात. अशा सहा खेपा झाल्या की ३६ कंद होतात आणि खुणेसाठी एक कंद बाजूला काढला जातो. ३६ ला ‘फ्ता’, २१६ ला ‘तारुबा’ अशी स्वतंत्र नावे आहेत आणि ती ४६,६५६ पर्यंत, म्हणजे सहाच्या सहाव्या घातापर्यंत जातात. ‘आदिम भाषांत मोजणी तोकडी असते’ हा जुना समज खोडायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

क्रियापदही असेच गुंतागुंतीचे आहे. एकवचन, द्विवचन की बहुवचन हे कोणत्याही एका प्रत्ययावरून ठरत नाही, धातूचे रूप आणि प्रत्यय एकत्र पाहूनच ते कळते. ख्रिस्तियान ड्योलर यांनी लिहिलेले या भाषेचे सविस्तर व्याकरण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते इंटरनेटवर मोफत वाचता येते.